अंगकोरची पाच दिवसांची मंदिरयात्रा : भग्न मंदिर कसे पाहावे?



कंबोडिया देशातील सिएम रीप या शहराजवळ ख्मेर राजांनी बांधलेली शेकडो प्राचीन मंदिरे आहेत. आपल्यापैकी अनेक जण तेथे गटाने यात्रेला जातात; अनेकांच्या मनात जाण्याची इच्छा असते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असून भाषांतराची सेवा करते. मराठी भाषिक साधकांच्या एका गटासोबत पाच दिवस दुभाषी म्हणून जाण्याची संधी मला मिळाली. गटात इंदूर, बडोदे, हैदराबाद आणि पुणे येथील मंडळी होती व बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. तेथील वाटाड्या इंग्रजीत सांगत असे आणि मी ते मराठीत सांगत असे. या सेवेत माझ्याकडून एक चूक झाली. ती पुढे योग्य ठिकाणी सांगितली आहे, कारण या अभ्यासाचा मुख्य धडा मला त्या चुकीतूनच मिळाला.

हा लेख एका बैठकीत वाचून संपवण्यापेक्षा रोज एक भाग असा पाच दिवस वाचावा. प्रत्येक भागाच्या शेवटी मननासाठी एक प्रश्न दिला आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल, तरी हा अभ्यास घरी बसून करता येईल.

१. जाण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

अ. ही मंदिरे कोणी बांधली?

ख्मेर राजांनी आणि ख्मेर कारागिरांनी. या राजांची नावे इंद्रवर्मन, यशोवर्मन, सूर्यवर्मन अशी आहेत, शिलालेख संस्कृतात आहेत आणि शिल्पांत रामायण-महाभारत आहे. त्यामुळे आपल्या मनात सहजच ‘आपल्या लोकांनी येथे येऊन हे बांधले’ असे येते. परंतु कोणत्याही भारतीय राजाने हा प्रदेश जिंकून ही मंदिरे उभारलेली नाहीत. समुद्रमार्गे व्यापारी आले-गेले, विद्वान आले-गेले, ग्रंथ आणि कथा आल्या. तेथील लोकांनी त्या स्वीकारल्या, आपल्याशा केल्या आणि त्यातून स्वतःचे असे काही उभे केले. ‘अंगकोर’ हा शब्दच ‘नगर’ या शब्दाचे ख्मेर रूप आहे. शिक्षकाला ते ‘क्रू’ म्हणतात. तो ‘गुरु’ या शब्दावरून आलेला आहे.

इ.स. ८०२ मध्ये जयवर्मन दुसरा याने कुलेन पर्वतावर स्वतःला सार्वभौम राजा म्हणून अभिषेक करवून घेतला, असे नंतरच्या एका शिलालेखात म्हटले आहे. या पर्वताचे त्या काळचे नाव महेंद्रपर्वत. तेथपासून पुढे सुमारे सहाशे वर्षे हे राज्य नांदले. १९९२ मध्ये अंगकोरचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला.

आ. व्यवहाराच्या गोष्टी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात थंड असतो. प्रवेशपत्र एक, तीन किंवा सात दिवसांचे मिळते. पाच दिवसांच्या यात्रेसाठी सात दिवसांचे घ्यावे. ते महिनाभरात कोणत्याही सात दिवशी वापरता येते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. अंगकोर वाटच्या सर्वांत वरच्या चौथऱ्यावर याविषयी कडक नियम आहे. तेथील पायऱ्या उभ्या आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वर चढण्याचा आग्रह धरू नये. खालच्या ओवऱ्यांतच पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

शाकाहारी व्यक्तींनी जेवण मागवतांना ‘मासळीचे काहीही नको’ असे स्पष्ट सांगावे. तेथे आंबवलेल्या मासळीचा ‘प्रहोक’ आणि मासळीचे पाणी भाजीतही घालतात. मंदिराबाहेर लहान मुले वस्तू विकायला येतात. मुलांकडून काही विकत घेऊ नये, अशी तेथील व्यवस्थापनाची विनंती असते. कारण विक्री होत राहिली की मूल शाळेत जात नाही. आपल्याला हे कठोर वाटते, पण पाळावे.

२. पहिला दिवस : रोलुओस – लेख वाचायला शिकणे

बहुतेक जण पहिल्याच पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय पाहायला धावतात. आमच्या वाटाड्याने मात्र सर्वांत आधी रोलुओस येथील जुन्या मंदिरांकडे नेले. हा क्रम चांगला आहे. आधी मुळे पाहावीत, मग वृक्ष.

येथे प्रेअह को हे विटांचे मंदिर असून त्याच्या समोर तीन नंदी बसलेले आहेत. जवळच राजा इंद्रवर्मन याने इ.स. ८८१ मध्ये शिवलिंगाची स्थापना केलेले बाकोंग मंदिर आहे. हा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारा दगडी मेरुपर्वतच आहे. पायथ्याला खंदक म्हणजे समुद्र आणि शिखरावर गाभारा म्हणजे देवांचे स्थान. पुढच्या सगळ्या मोठ्या मंदिरांची कल्पना येथे एका दृष्टिक्षेपात समजते. कोकणातील साधकांना आणखी एक गोष्ट ओळखीची वाटेल. येथील मंदिरांच्या पायात आणि आवारभिंतींत ठिकठिकाणी जांभा दगड वापरला आहे.

तिसरे मंदिर लोलेई. इ.स. ८९३ मध्ये यशोवर्मनने ते एका प्रचंड तलावाच्या मध्यभागी, बेटावर बांधले. आज तलाव कोरडा आहे आणि त्यात भातशेती होते. मंदिराच्या शेजारी बौद्ध विहार आहे आणि तेथे भिक्षू राहतात.

लोलेईच्या दाराच्या चौकटींवर कोरलेली अक्षरे अवश्य पाहावीत. ख्मेर शिलालेखांची एक गंमत अशी की त्यांत बहुधा दोन भाषा असतात. देवाची स्तुती आणि राजाची थोरवी संस्कृत श्लोकांत. आणि मंदिराला किती जमीन दिली, किती तांदूळ येणार, कोण कोण राबणार, ही यादी ख्मेर भाषेत. अशा याद्यांत सेवकांची नावे लिहिलेली आढळतात आणि शुक्ल पक्ष, कृष्ण पक्ष अशा त्यांच्या पाळ्याही लावलेल्या असतात.

मी हिशेबाचा अभ्यास करते, म्हणून मला ती यादी जवळची वाटली. आपण मात्र एकदा स्वतःला विचारून पाहावे. शिलालेखाचे मराठी भाषांतर हाती आले, तर आपण त्यातील कोणता भाग वाचू? स्तुतीचा की नावांचा? राजाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात असते. पाळीवर आलेल्या बाईचे नाव फक्त त्या चौकटीवर असते.

मननासाठी : माझ्या गावच्या मंदिरात रोज झाडणारी, फुले आणणारी, भांडी घासणारी माणसे कोण आहेत? मला त्यांची नावे माहीत आहेत का?

३. दुसरा दिवस : अंगकोर वाट – आणि माझी चूक

राजा सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मंदिर श्रीविष्णूसाठी बांधले. सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक ओलांडून आपण पश्चिमेकडून आत जातो. मधले शिखर जमिनीपासून सुमारे ६५ मीटर उंच आहे. दगड कुलेन पर्वताच्या पायथ्याकडून आणले. शिळा एकमेकींवर घासून इतक्या नेमक्या बसवल्या आहेत की काही ठिकाणी सांध्यात नखही जात नाही.

मंदिराचे मुख पश्चिमेला आहे, ही नेहमीपेक्षा वेगळी गोष्ट. खालच्या ओवऱ्यांतील शिल्पपट ज्या क्रमाने लावले आहेत, तो क्रमही प्रदक्षिणेच्या उलट आहे. मंदिर डाव्या हाताला ठेवून चालावे लागते. आपल्याकडे श्राद्धकर्मात अपसव्य करतात, ते आठवावे. म्हणून काही अभ्यासक हे मंदिर राजाच्या मरणोत्तर स्मृतीशीही जोडतात. राजाला मृत्यूनंतर ‘परमविष्णुलोक’ असे नाव मिळाले होते.

ओवऱ्यांसाठी किमान तीन तास ठेवावेत. पुढील चार पट तरी शांतपणे पाहावेत.

अ. कुरुक्षेत्र : पश्चिम ओवरीचा दक्षिण भाग. दोन्हीकडून सैन्ये मध्याकडे सरकत जातात. कडेला रांगा शिस्तीत आहेत. मध्यभागी पोहोचेपर्यंत कोण कोणाचा हे कळेनासे होते. शरशय्येवरील भीष्म शोधावेत.

आ. स्वर्ग-नरक : दक्षिण ओवरीचा पूर्व भाग. येथे रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम आहे आणि पुढे निवाडा सांगणारा चित्रगुप्त आहे. वरच्या पट्टीत स्वर्ग, खालच्या पट्टीत अवीची, वैतरणी, रौरव असे नरक. शेजारी त्यांची नावे कोरलेली आहेत. एकूण ३७ स्वर्ग आणि ३२ नरक येथे दाखवले आहेत.

इ. समुद्रमंथन : पूर्व ओवरीचा दक्षिण भाग. सुमारे ४९ मीटर लांबीचा एकच पट. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये श्रीविष्णु आणि खाली कूर्म. दोऱ्याच्या रूपात वासुकी. देव आणि असुर सारख्याच ताकदीने ओढत आहेत. एकाने सोडले तर मंथन थांबेल.

ई. लंकेचे युद्ध : पश्चिम ओवरीचा उत्तर भाग. वानरांचे चेहरे एकेक करून पाहावेत. हजारो सैनिकांत कारागिराने दोन चेहरे सारखे ठेवलेले नाहीत, असे वाटते.

आता माझी चूक.

पश्चिम गोपुरात श्रीविष्णूची एक आठ हातांची उभी मूर्ती आहे. तेथील लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, तिला बौद्ध भिक्षूंसारखे केशरी वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात, नवस बोलतात. आत मात्र ठिकठिकाणी बुद्धमूर्ती आहेत. गटातील एका काकूंना हे पाहून वाईट वाटले. त्यांनी मला विचारले, ‘‘अगं, विचार ना त्याला, आपला देव काढून इथे बुद्ध कोणी बसवला?’’

मी वाटाड्याला प्रश्न विचारला. ‘आपला देव’ हे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. तो क्षणभर थांबला आणि मग बराच वेळ बोलला. तो म्हणाला, कोणी बाहेरून येऊन बदलले नाही. आमचेच पूर्वज आधी विष्णूला आणि शिवाला पुजत होते, आमचेच पूर्वज पुढे बुद्धाला पुजू लागले. त्यांना ते घर बदलण्यासारखे वाटले नसावे. म्हणून ता रीच अजून दारात उभा आहे. राजधानी येथून हलली, जंगल वाढले, तरी या मंदिरात भिक्षू राहत आले. १९७५ नंतर देशात जे राज्य आले, त्याने भिक्षूंची वस्त्रे उतरवली, विहार बंद केले, लाखो माणसे मेली. त्याची आई तेव्हा लहान मुलगी होती. तिला घरापासून दूर भातशेतीवर राबायला नेले. ती परत आली तेव्हा घरातली बरीच माणसे उरली नव्हती. सर्वांत आधी ती ता रीचपुढे उदबत्ती लावायला आली. ‘‘तिने विचारले नाही की हा हिंदू की बौद्ध,’’ तो म्हणाला. ‘‘तो तिथे होता, एवढेच तिला पुरे होते.’’

गट उन्हात ताटकळत होता. काकूंचा चेहरा उतरलेला होता. मी मराठीत सांगितले, ‘‘पूर्वी हे विष्णुमंदिर होते, नंतर बौद्ध झाले. पण मूळ आपलेच आहे.’’

काकूंना बरे वाटले. दोघातिघांनी माना डोलावल्या. आम्ही पुढे निघालो, तेव्हा वाटाड्याने मला हळूच विचारले, ‘‘मी एवढा वेळ बोललो. तुमच्या भाषेत ते दोन वाक्यांत मावते का?’’

मी हसून वेळ मारून नेली. पण पुढे चित्रगुप्ताच्या पटासमोर उभी राहिले, तेव्हा मला मान वर करून पाहता येईना. हिशेबात एक नियम आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवतात. नोंद वगळणे आणि खोटी नोंद करणे, दोन्ही सारखेच गंभीर. मी दोन्ही केले होते. त्याच्या आईची गोष्ट वगळली होती आणि ‘मूळ आपलेच’ हे त्याने न उच्चारलेले वाक्य त्याच्या तोंडी घातले होते. तेही कशासाठी? ऐकणाऱ्यांना बरे वाटावे म्हणून, आणि माझे भाषांतर त्यांना आवडावे म्हणून.

मननासाठी : ऐकणाऱ्याला आवडेल म्हणून मी आज कोणते वाक्य बदलले, कोणते गाळले?

४. तिसरा दिवस : अंगकोर थॉम – जमाखर्चाच्या दोन्ही बाजू

सकाळी गाडीत सगळे बसल्यावर मी माईक घेतला आणि कालचे पूर्ण भाषांतर सांगितले. आधी काय गाळले आणि काय वाढवले, हेही सांगितले. मला वाटले होते की कोणीतरी रागावेल. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपण इथे पाहुणे आहोत.’’ आणि मग, ‘‘त्याच्या आईला काय म्हणतात तिकडे? मला तिच्यासाठी काहीतरी द्यायचं आहे.’’

त्या दिवशी पाहिलेली दोन मंदिरे काकूंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतात. म्हणून ती एकत्र अभ्यासावीत.

अ. बाफुओन : अकराव्या शतकाच्या मध्यात बांधलेले भव्य शिवमंदिर. पुढे अनेक शतकांनी, ते ढासळले असता, त्याच्याच दगडांतून पश्चिमेच्या बाजूला निजलेल्या बुद्धाची प्रचंड आकृती रचण्यात आली. म्हणजे काकूंची शंका अगदीच निराधार नव्हती. शिवमंदिराचे दगड बुद्धासाठी वापरले गेले.

आ. बायोन : राजा जयवर्मन सातवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले बौद्ध मंदिर. शिखरांच्या चारही बाजूंना शांत, किंचित हसणारी विशाल मुखे आहेत. ती कोणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी लोकेश्वर म्हणतात, कोणी स्वतः राजा म्हणतात. या मंदिराच्या गाभाऱ्यात मोठी बुद्धमूर्ती होती. १९३३ मध्ये ती मधल्या शिखराखालच्या विहिरीसारख्या खड्ड्यात तुकड्यांच्या रूपात सापडली. तेराव्या शतकात शैव मताच्या राजवटीत ती फोडली गेली आणि अनेक ठिकाणच्या बुद्धप्रतिमा छिन्नीने खरवडून काढल्या गेल्या, असे अभ्यासक मानतात. काही ठिकाणी बुद्धाच्या जागी लिंग कोरल्याच्या खुणा आजही दिसतात.

साधकहो, हे वाचतांना मनात काय होते, ते पाहावे. पहिली नोंद वाचतांना जे दुःख झाले, तेवढेच दुसरी वाचतांना झाले का? जमेची बाजू वाचायची आणि खर्चाची झाकून ठेवायची, असे केले तर ताळेबंद कधीच जुळत नाही. इतिहासही तसाच आहे.

बाफुओनच्या जीर्णोद्धाराची कथा मात्र दिलासा देणारी आहे. मंदिर आतल्या भरावाच्या ओझ्याने फाटत चालले होते. १९६० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांनी ते उलगडून, दगड क्रमाने जंगलात मांडून, पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले. सुमारे तीन लाख दगड खाली उतरवले गेले. मग देशात युद्ध आले, काम थांबले आणि कोणता दगड कोठला याच्या नोंदींचे कागद त्या धामधुमीत नष्ट झाले. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा समोर तीन लाख तुकड्यांचे कोडे होते. जुनी छायाचित्रे, कामगारांची आठवण आणि प्रत्येक दगडाची मोजमापे यांच्या आधाराने ते सोडवण्यात आले. २०११ मध्ये काम पूर्ण झाले.

एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हे करतांना ‘मूळ शिवमंदिर पूर्ण करण्यासाठी बुद्धाचे दगड काढून घेऊ’ असे त्यांनी केले नाही. शिवाचे मंदिरही सावरले, निजलेला बुद्धही राखला. दोन्ही आज एकाच वास्तूत आहेत. नीट पाहिल्याशिवाय बुद्धाची आकृती ओळखूही येत नाही. आम्ही दहा मिनिटे मागे उभे राहून शोधत होतो. सर्वांत आधी ती काकूंना दिसली. त्यांनी हात जोडले.

बायोनच्या बाहेरच्या ओवरीतील शिल्पपटही चुकवू नयेत. तेथे बाजार आहे, स्वयंपाक आहे, कोंबड्यांची झुंज आहे, मासे पकडणे आहे. आठशे वर्षांपूर्वीची साधी माणसे येथेच सर्वाधिक दिसतात.

मननासाठी : आपल्या समूहाची कोणती चूक मला माहीत असूनही मी बोलून दाखवत नाही?

५. चौथा दिवस : ता प्रोह्म आणि प्रेअह खान – पुण्याचा खर्च कोण देतो?

ता प्रोह्म हे जयवर्मन सातवा याने ११८६ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारलेले मंदिर आणि विहार. मूळ नाव राजविहार. प्रज्ञापारमितेच्या रूपात आईची मूर्ती येथे स्थापिली होती. मोठमोठ्या वृक्षांची मुळे भिंतींना विळखा घालून बसलेली छायाचित्रे आपण पाहिली असतील, ती येथलीच. झाड तोडले तर भिंत पडते, ठेवले तरी भिंत फाटते, अशी स्थिती आहे. या मंदिराच्या संवर्धनात भारताचे पुरातत्त्व सर्वेक्षण खाते २००० च्या दशकापासून कंबोडियाच्या तज्ज्ञांसोबत काम करत आले आहे. त्याआधी १९८६ ते १९९३ या अवघड काळात याच खात्याने अंगकोर वाट येथेही काम केले होते. आपल्याला अभिमानच वाटायचा असेल, तर तो येथे वाटू द्यावा. दुसऱ्याच्या घरातील भिंत सावरायला गेलेल्या कामगाराचा अभिमान.

येथील संस्कृत शिलालेख म्हणजे मला सापडलेला सर्वांत मोठा हिशेब. त्यानुसार मंदिराशी १८ मुख्य पुरोहित, २,७४० इतर अधिकारी आणि ६१५ नर्तकी जोडलेल्या होत्या. मंदिराच्या सेवेसाठी ३,१४० गावे नेमली होती आणि एकूण ७९,३६५ माणसे या सेवेत धरली होती. तांदूळ, तूप, मध, मेण, वस्त्रे, मच्छरदाण्या, सगळ्यांची मापे दिली आहेत.

त्याच लेखात राज्यभरातील १०२ आरोग्यशाळांचाही उल्लेख आहे. या आरोग्यशाळांच्या शिलालेखांत प्रजेच्या आजाराचे दुःख राजाला स्वतःच्या दुखण्याहून अधिक बोचते, अशा अर्थाचा विचार आहे. करुणेचा हा हिशेब वाचून मन भरून येते. पण ७९,३६५ हा आकडाही मनातून जात नाही. ही माणसे स्वेच्छेने आली होती का? त्यांच्या घरी त्या वर्षी भात पुरला का? शिलालेख देणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो, घाम गाळणाऱ्याच्या नावाने नाही.

प्रेअह खान हे याच राजाने ११९१ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ उभारलेले मंदिर. येथे मध्यभागी बौद्ध स्थान, पश्चिमेकडे विष्णूचे, उत्तरेकडे शिवाचे आणि दक्षिणेकडे पूर्वजांचे स्थान अशी रचना होती. एकाच छताखाली सर्वांना जागा होती. ज्या भूमीवर पुढे मूर्ती फोडल्या गेल्या, त्याच भूमीवर आधी हेही घडले होते, हे लक्षात ठेवावे.

मननासाठी : मी केलेल्या एखाद्या दानाचा किंवा सेवेचा भार प्रत्यक्षात दुसऱ्या कोणी उचलला आहे का? घरातील कोणी?

६. पाचवा दिवस : बंतेआय स्रेई आणि क्बाल स्पियन – लहान मंदिर आणि वाहते पाणी

शेवटच्या दिवशी सिएम रीपपासून बरेच उत्तरेला जावे लागते. इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले बंतेआय स्रेई हे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वान गुरूंनी बांधवले. गुलाबी छटेच्या वालुकाश्मात लाकडावर करावे तसे बारीक कोरीवकाम आहे. रावण कैलास हलवतो आहे, कामदहन होते आहे, खांडववनावर इंद्र पाऊस पाडतो आहे, नरसिंह हिरण्यकशिपूला विदारतो आहे. गाभाऱ्याचे दार इतके ठेंगणे आहे की आत जाणाऱ्याला वाकावेच लागले असेल. पाच दिवसांत उंचच उंच शिखरे पाहून झाल्यावर हे लहान मंदिर आमच्यापैकी बहुतेकांना सर्वांत जास्त आवडले.

या मंदिराशी एक चोरीही जोडलेली आहे. १९२३ मध्ये आंद्रे मालरो या तरुण फ्रेंच माणसाने येथील देवतांची शिल्पे भिंतीतून काढून नेली. तो पकडला गेला, शिल्पे परत आली. हाच माणूस पुढे नामवंत लेखक आणि फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. सौंदर्याची पारख असणे आणि लोभ नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्धाच्या काळात तर कोह केर येथील मंदिरातून दुर्योधन आणि भीम यांच्या मूर्ती पायांपासून तोडून परदेशी विकल्या गेल्या. पाय मात्र चौथऱ्यावरच राहिले. त्या पायांमुळेच मूर्ती कोठल्या हे सिद्ध करता आले आणि २०१४ मध्ये त्या कंबोडियाला परत मिळाल्या.

आपण मूर्ती चोरत नाही. पण आठवण म्हणून पडलेला दगडाचा तुकडा पिशवीत टाकणे, शिल्पावर हात फिरवणे, छायाचित्रासाठी कठड्याच्या आत जाणे, हे त्याच लोभाचे लहान रूप आहे. अंगकोर वाटच्या ओवऱ्यांतील काही शिल्पे हजारो हातांनी घासून काळीभोर, गुळगुळीत झाली आहेत. प्रत्येकाने ‘मी एकट्याने लावला तर काय होते’ असेच म्हटले असणार.

क्बाल स्पियन येथे सुमारे दीड किलोमीटर जंगलातून चढून गेल्यावर नदीच्या पात्रातच असंख्य शिवलिंगे आणि शेषशायी विष्णूची शिल्पे कोरलेली दिसतात. त्यांवरून वाहिलेले पाणी खाली अंगकोरच्या शेतांकडे जाते. म्हणजे अभिषेक एकदाच आणि तीर्थ सर्वांच्या शेताला. नेमलेली पायवाट सोडून कोणीही जंगलात शिरू नये. युद्धकाळात पेरलेल्या सुरुंगांमुळे या देशात अनेकांनी हातपाय आणि प्राण गमावले आहेत आणि ते काढण्याचे काम अजूनही चालू आहे.

निरोप घेतांना वाटाड्याने दोन्ही हात छातीशी जोडून वाकून ‘सोम्पेअ’ केला. तो आपल्या नमस्कारासारखाच असतो. काकूंनी स्वतःची शाल त्याच्या आईसाठी दिली आणि मला म्हणाल्या, ‘‘त्याला सांग, एक शब्दही गाळू नकोस. म्हणावं, तुझ्या आईने जिथे उदबत्ती लावली, तिथे मी नुसती चौकशी करत उभी राहिले. चुकलं माझं.’’ मी ते सगळे सांगितले. या वेळी मला थोडा जास्तच वेळ लागला.

मननासाठी : ज्याला मी ‘आपले’ म्हणते किंवा म्हणतो, त्याची मी काळजी घेतो का, की फक्त त्यावर हक्क सांगतो?

७. सारांश आणि स्वाध्याय

भग्न मंदिर पाहतांना मन तीन ठिकाणी अडकते. भव्यता पाहून अहंकार जागा होतो, भग्नता पाहून राग येतो आणि सौंदर्य पाहून लोभ सुटतो. या तिन्हींवर एकच उपाय या पाच दिवसांत मला उमगला : पूर्ण ऐकावे आणि पूर्ण सांगावे. जे ऐकायला बरे वाटत नाही, तेही.

पुढील आठवड्यात प्रत्येकाने एवढे करून पाहावे.

अ. आपल्या जवळच्या एखाद्या जुन्या मंदिरात, लेण्यात किंवा दर्ग्यात जाऊन तेथील वयस्क माणसाकडून त्या जागेची गोष्ट ऐकावी. मध्ये बोलू नये.

आ. ऐकलेली गोष्ट घरी येऊन वहीत लिहावी. आपल्याला न आवडलेला भागही लिहावा.

इ. ती गोष्ट सत्संगात सांगावी आणि सांगतांना आपण काय गाळण्याच्या बेतात होतो, ते स्वतःशी नोंदवून ठेवावे.

हा लेख लिहितांना काही त्रुटी राहिल्या असतील, तर त्या माझ्या लक्षात आणून द्याव्यात. ज्या वाटाड्याने आम्हांला पाच दिवस संयमाने सर्व दाखवले, त्याच्याविषयी आणि त्याच्या आईविषयी कृतज्ञता व्यक्त करून हा अभ्यास येथे थांबवते.